आमच्या वाडीचं कोरडं

आधी माफी मागते. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे माझ्या हातानं कधी धरलं नाही. अक्षर असं आहे की रेघा आखलेल्या वहीतसुद्धा ओळ उताराकडं सरकते, बांध फुटलेल्या पाण्यासारखी. कॅसलरॉकजवळच्या माझ्या माहेरच्या गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा कन्नड, लांब, आणि मधे जंगल. वडील म्हणाले, पुरे झालं. मला बरंच वाटलं, कारण पाचवीत उभं राहून उत्तर द्यावं लागतं असं कोणीतरी सांगितलं होतं. उभं राहून बोलायला मला आजही येत नाही. बसून लिहायला येतं, म्हणून लिहिते. कोणाला दाखवायचं नाही. तरी ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर तांदळातले खडे वेचून आपण भात खातो तसं चुका वेचून मजकूर वाचावा.

भाताच्या रोपांचा तरवा वीतभर झाला आहे. दोन दिवसांत आमच्या वाडीत नट्टी सुरू होईल. नट्टी म्हणजे भाताची लावणी. शब्द कन्नड आहे, पण चिखलात उतरल्यावर शब्द कुठला हे कोणी विचारत नाही. काल सकाळपासून बायका एकेक करून माझ्या ओट्यावर येऊन गेल्या. इरलं दाराला टेकवायचं, पदराखालून प्लॅस्टिकची पुडी काढायची, माझ्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, "शेवंते, कोरडं ठेव गे." एवढंच. चहालाही थांबायचं नाही. संध्याकाळपर्यंत सात पुड्या झाल्या.

कोरडं म्हणजे तंबाखू. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्या वाडीत सांगावं लागत नाही, आणि पावसाळ्यात जो एक आठवडा आमच्यात राहिला त्यालाही सांगावं लागत नाही. आमच्या जोयडा तालुक्याच्या पावसात मिठाचं पाणी होतं. काडेपेटीतल्या दहा काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटते, ती पण मेहेरबानी केल्यासारखी. पापड घडी घालून ठेवता येतो. ट्रंकेतल्या लग्नाच्या साडीवर बुरशीची नक्षी उठते आणि देवाच्या तसबिरीमागून गोगलगाय निघते. माणूस तर आतून बाहेरून ओला. अशा तीन महिन्यांत माणसाच्या अंगावर कोरडी म्हणून एकच वस्तू असते, ती म्हणजे त्याची तंबाखू. ती तेवढी कोरडी राहावी म्हणून माणूस बाकीचा सगळा भिजतो. पाऊस आडवा आला तर इरलं डोक्यावरनं काढून कमरेच्या चंचीवर धरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मी पण धरलं आहे.

हे माझं मत झालं. शब्द कुठून आला याच्यावर वाडीत इतकी मतं आहेत की प्रत्येक नट्टीला एक दिवस त्याच्यातच जातो.

तानूआक्काचं मत सगळ्यांत मोठं, कारण तिचा आवाज सगळ्यांत मोठा. ती आमच्या बायकांच्या बचतीच्या संघाची प्रमुख. साठी उलटली, तरी खाचराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा बैल थांबतो. तिच्या माहेरचं गाव सुप्याच्या धरणात गेलं. ती सांगते, "पानी चढाय लागलं तवा माझ्या आज्यानं भांडीकुंडी सोडली आन् तंबाखूचा भोपळा डोक्यावर घेतला. पल्याड पोचल्यावर लोकांनी इचारलं, काय वाचलं गा? त्यो म्हटला, एवढंच कोरडं हाय. तवापास्नं नाव पडलं." मी लग्न होऊन आले तेव्हा या गोष्टीत पाणी गुडघ्याला होतं. चार वर्षांनी छातीला आलं. गेल्या पावसाळ्यात आजा पोहून आला.

जनी तानूआक्काच्या शेजारची, माझ्याच वयाची, जीभ मात्र माझी पण तिच्याकडंच गेलेली. ती म्हणते, "आन् धरणाच्या आदी लोक काय, हिरवं खाऊलेते व्हय आक्का?" तानूआक्का तिच्याकडं न बघता रोप लावते.

रामनगरचा दुकानदार वेगळंच सांगतो. त्याच्याकडं निपाणीकडून पोती येतात. ओला पाला वजनाला जास्त भरतो, म्हणून आमच्या बायका तागडी हलायच्या आधी विचारायच्या, "कोरडी हाय न्हवं?" तो म्हणतो, "माझ्या बापानं जन्मात कधी ओलं विकलं न्हाई, म्हणून लोकांनी मालालाच नाव दिलं." असं म्हणत त्यानं मागच्या आषाढात मला नट्टीसाठी जी तंबाखू दिली ती पिळून वाळत घालावी लागली.

आमच्या रानातला वॉचर कन्नड बोलणारा. तो तंबाखूला होगेसोप्पू म्हणतो, म्हणजे धुराचं पान. आम्ही धूर काढत नाही, चुना लावून गालात धरतो. तरी त्याच्या भाषेत ते धुराचंच. त्यानं आमचा शब्द ऐकला तेव्हा थोडा विचार केला आणि म्हणाला, तुमचा बरा.

माझ्या सासूनं मला हा शब्द पहिल्या नट्टीला शिकवला. बांधावर सासरे, चुलत सासरे, दीर, सगळे उभे. सुनेनं त्यांच्यासमोर तंबाखूचं नाव घ्यायचं नाही. म्हणून सासू हळू म्हणाली, "कोरडं पायजे म्हण." मी जमिनीकडं बघत कसंबसं म्हटलं. तर बांधावरून सासऱ्यांनी हात पुढं केला, "मला पण दे चिमूटभर." सगळ्यांना सगळं माहीत होतं. नाव घेतलं नाही, की आब राहतो, एवढंच. मला वाटतं शब्द असाच कुठल्यातरी लाजऱ्या सुनेच्या तोंडून आला असणार. पण हे मी बांधावर कधी बोलले नाही. तानूआक्काच्या आज्याला पाण्यात कोण परत ढकलणार.

आता आमच्या नट्टीची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात नट्टीला मजुरी नसते. आज सगळ्या माझ्या खाचरात, उद्या जनीच्या, परवा आक्काच्या. जिचं शेत तिनं दोन वेळचं जेवण द्यायचं आणि दोन इसाव्यांना, म्हणजे विसाव्याला बसलं की, कोरडं द्यायचं. जेवणाला कोणी नाव ठेवत नाही. आमटी पातळ असली तरी पावसानं झाली म्हणतात. कोरड्याची मात्र परीक्षा होते. पान हातात घेतात, कानाजवळ नेतात आणि चुरगाळतात. कुरकुर आवाज आला तर मान हलते. आवाज आला नाही तर कोणी काही बोलत नाही. फक्त दुपारनंतर हात सावकाश चालतात, रोपांत अंतर पडतं, आणि पुढच्या वर्षी त्या घराची पाळी सगळ्यांच्या शेवटी लागते. शेवटची पाळी म्हणजे रोप पिवळं पडल्यावरची. तेव्हा कोरड्यावर भात ठरतो म्हटलं तरी खोटं नाही.

आणि वाडीत कोरडं सगळ्यांत चांगलं राखते ती मी. हे लिहिताना पण लाज वाटते, पण खरं आहे. वाळलेला दुधी भोपळा, आत मूठभर भाजलेले तांदूळ ओल शोषायला, निदान तेव्हा तरी, वर पुड्या, तोंडाला कापडाचा बोळा, बोळ्यावर राख. असा भोपळा चुलीवर टांगायचा. फार खाली नाही, नाहीतर धुराचा वास लागतो, फार वर नाही, नाहीतर कौलांची ओल लागते. किती वर ते मला हातानं कळतं, सांगता येत नाही. एकदा जनीनं माझं बघून स्वतःचा भोपळा टांगला. तो जळाला. तिच्या नवऱ्यानं घर जळतंय समजून कळशीभर पाणी ओतलं, आणि वाडीत पहिल्यांदा तंबाखूचा काढा झाला. तेव्हापासून सगळ्यांच्या पुड्या माझ्याकडं.

मी स्वतः सोळाव्या वर्षापासून खाते. खात होते. का, ते मला नंतर कळलं. गालात तंबाखूचा बार असला की बोलावं लागत नाही. कोणी काही विचारलं तर गाल दाखवायचा आणि हूं म्हणायचं. लोक समजून घेतात. ज्या बाईला चारचौघांत बोलायची भीती, तिला याहून सोयीचं काय असणार.

तर दोन वर्षांमागची नट्टी. तरवा असाच वीतभर होता. शाळेत दातांची तपासणी लागली. कोवळ्या वयाची डॉक्टरीण, हातात बॅटरी. तिनं माझा गाल आतून बघितला, मग पुन्हा बघितला. पुन्हा बघितलं की आपल्याला कळतंच.

"किती वर्षं खाता?"

मी बोटं दाखवायला लागले. बोटं संपली तेव्हा तिनं माझा हात धरून खाली ठेवला. म्हणाली, पांढरा डाग आहे, बेळगावला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.

घरात पैसे नव्हते. नट्टीच्या तोंडावर कोणाच्याच घरात नसतात. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, म्हैस विकायची गोष्ट काढली. मी संघात गेले. संघाच्या बैठकीत मी सहा वर्षं भिंतीला टेकून बसत होते, माझा आवाज त्या खोलीनं ऐकला नव्हता. त्या दिवशी पण जनीनंच सांगितलं. दोन हजार रुपये, बेळगावच्या दोन खेपा आणि तपासणीला. आठवड्याला शंभर फेडायचे, नाहीतर जमले की एकदम.

तानूआक्कानं वही उघडली, पेन झटकलं आणि थांबली. "देतो. पर एक अट हाय. पैसे फिटंपतूर कोरड्याला हात लावायचा न्हाई."

संघातल्या सातही जणींच्या गालात त्या वेळी बार होता.

"तुझं तोंड संघाकडं गहाण," आक्का म्हणाली. आणि तिनं ते खरंच वहीत लिहिलं, कर्ज दोन हजार, गहाण तोंड. मी सही केली.

बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने पूर्ण बंद. डाग गेला तर गेला. राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात तुकडा हा एकच शब्द होता. यांनी रामनगरला उतरून मला भजी घेऊन दिली. मी त्या भज्याचा पण तुकडा मोडू शकले नाही.

नट्टी सुरू झाली. सात जणींच्या पुड्या माझ्या चुलीवर, आणि माझं तोंड संघाकडं. मी जनीला म्हटलं, पुड्या घेऊन जावा गे, माझ्यानं होत नाही. जनी आक्काला सांगून आली. आक्का स्वतः ओट्यावर आली.

"तुझ्यावानी कोरडं कोन राखतंय? नट्टीची इज्जत हाय. ठेव, पर खाऊ नको."

"वास येतो आक्का," मी म्हटलं.

"वास फुकट हाय, घे."

पण विश्वास तेवढाच. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं आपली पुडी परत नेली आणि दोऱ्यानं गाठ मारून आणली. सात पुड्या, सात गाठी. हिची सरगाठ, तिची जनावराच्या दाव्याची गाठ. जनीनं अशी गाठ मारली की इसाव्याला तिला स्वतःलाच सुटेना, दातांनी तोडावी लागली. मग ती मलाच म्हणते, "तुज्यामुळं दात हलला गे माझा."

पहिला आठवडा मला आठवतो तो हातांवरून. हात सारखा कमरेला जायचा. चंची तिथं नव्हती, तरी बोटं चुना शोधायची. रोप लावताना, भाकरी थापताना, म्हशीच्या आचळाला हात असताना मधेच एक हात सुटायचा आणि कमरेला जाऊन यायचा. यांना दया आली. म्हणाले, तुझ्यासोबत मी पण विडी सोडतो. तीन दिवस सोडली. चौथ्या दिवसापासून ते म्हैस बघायला फार वेळा जायला लागले. म्हशीला काही झालं नव्हतं. तिच्या अंगाला मात्र विडीचा वास यायला लागला.

आणि मग तो तांदूळ. आक्काच्या खाचराची नट्टी होती, पाऊस असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मला तिची पुडी आणायला घरी पाठवलं. भोपळा उतरवला, बोळा काढला. हात आत गेला तो पुड्यांना लागलाच नाही, खाली तळाशी गेला. भाजलेले तांदूळ. आधी माझ्या, मग सगळ्यांच्या तंबाखूखाली राहिलेले. मी चिमूटभर तोंडात टाकले. काय सांगू. तांदूळ ते तांदूळ, पण गालानं ओळखलं. मी डोळे मिटून तिथंच चुलीपाशी बसले आणि सावकाश चावले. मग आणखी चिमूटभर.

पुडी घेऊन शेतात गेले आणि माझ्यानं राहवेना. दुपारच्या इसाव्याला मी आपणहून सांगितलं. उभी राहून. सात जणी इरली घेऊन बांधावर, आणि मी म्हणते, मी तळातले तांदूळ खाल्ले.

सगळ्या आपापलं चावायच्या थांबल्या. आक्कानं विचारलं, "किती?"

"दोन चिमट्या."

"गिळलास का थुकलास?"

"गिळले."

त्यावर जो वाद झाला तो कोर्टात पण होत नसेल. एकीचं म्हणणं, तांदूळ हे अन्न, अन्नाला बंदी नाही. दुसरी म्हणाली, वास लागला की ते अन्न उरत नाही, मग आपण वासाचे तांदूळ देवाला का ठेवत नाही. जनी म्हणाली, गिळले ते बरं झालं, कोरडं कोणी गिळतं का, गिळलं म्हणजे ते जेवण. आक्का ऐकत होती आणि पान कानाजवळ नेऊन चुरगाळत होती. शेवटी म्हणाली, "तांदूळ खाल्लीस. शब्द मोडला न्हाई, पर वाकला. आजपास्नं भोपळ्यात तांदूळ न्हाई, कोळसा घाल. कोळसा खाल्लीस तर आमी काय बोलणार न्हाई."

तेव्हापासून आमच्या वाडीत भोपळ्यात कोळसा घालतात. कोरडं त्यानं जास्तच चांगलं राहतं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली ती घरी गेल्यावर. मी बांधावर उभं राहून बोलले होते. गाल रिकामा होता, हूं म्हणून भागण्यासारखं नव्हतं. पुढं हे वाढतच गेलं. रामनगरच्या बसमध्ये कंडक्टरनं दोन रुपये सुटे नाहीत म्हटलं, तर मी मागितले. दुकानदाराला म्हटलं, तुमच्या बापाचं राहू द्या, ही साखर ओली आहे. तो माझ्याकडं बघतच राहिला. बारा वर्षांत त्यानं माझा आवाज ऐकला नव्हता. रात्रभर मला त्याची लाज वाटली आणि सकाळी साखर बदलून मिळाली.

श्रावणात रानात अळंबी उठली. आम्ही ती घरी खातो किंवा शेजारी देतो. त्या वर्षी मी पानाच्या द्रोणांत भरून गणेशगुडीच्या रस्त्यावर बसले. तिथं नदीत होड्यांतून उड्या मारायला शहरातली माणसं येतात, पैसे देऊन भिजतात. त्यांनी विचारलं, विषारी नाही ना. मी म्हटलं, मी खाऊन तुमच्यासमोर बसले आहे. सगळे द्रोण गेले. मी रोज जायला लागले. अळंबी संपली तेव्हा बांबूचे कोंब विकले.

चतुर्थीच्या आधी माझ्याकडं दोन हजार जमले. शंभराच्या हिशोबानं वीस आठवडे लागायचे ते आठ आठवड्यांत झालं. माझ्या मनात काय होतं ते इथं लिहायला हरकत नाही. पैसे फिटले की अट सुटते. डॉक्टरांचे तीन महिने व्हायला अजून महिना होता, पण महिना म्हणजे काय, एवढं सोडलं आहे, एक चिमूट खाल्ली तर डागाला कुठं कळणार. मी नोटा रुमालात बांधल्या आणि तानूआक्काकडं गेले.

आक्का अंगणात होती. रुमाल बघितला आणि आत गेली. सुनेनं येऊन सांगितलं, सासूबाई झोपल्यात. सकाळचे नऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी गेले तर ती गोठ्यात. गोठ्यात गेले तर मागच्या दारानं परसात. परसात गेले तर ती फणसाच्या मागं उभी, पातळाचा काठ दिसत होता.

"आक्का, पैसे आणलेत."

फणसाच्या मागून आवाज आला, "वही सापडंना."

"वही तुमच्या काखेत आहे."

"पेन न्हाई मग."

मी जनीकडं गेले. ती म्हणाली, मला पैशाला हात लावायचा अधिकार नाही. बाकीच्यांकडं गेले. एकीनं दार लावून घेतलं. एकीनं मला बघून खाचरात उडी मारली आणि तण उपटायला लागली, ते खाचर तिचं नव्हतं. सगळ्या वाडीत पैसे घेऊन फिरणारी मी एकटी आणि पैसे बघून पळणाऱ्या सात. यांनी ओट्यावरून हा खेळ बघितला आणि इतके हसले की त्यांना म्हैस बघायला जावं लागलं.

शेवटी मी चिडून आक्काला वाटेत गाठलं. "घ्या तुमचे पैसे. सगळे एकदम."

"महिन्यानं घेतो," ती म्हणाली. "डाक्टर म्हटला तवा घेतो. तवर रुमाल तुज्याकडं ऱ्हावदे."

"माझे पैसे, माझं तोंड."

"तोंड आमच्याकडं हाय. वहीत लिवलंय. तू सई केलीयास." मग तिनं विचारलं, "तुकडा काडायचा हाय काय तुला?"

मी रुमाल कमरेला खोचला, जिथं चंची असायची तिथं. तो महिना तो तिथंच राहिला.

दसऱ्याच्या सुमाराला बेळगावला गेलो. डॉक्टरांनी गाल बघितला. पुन्हा बघितला. मग त्यांनी बॅटरी बंद केली आणि म्हणाले, डाग जवळजवळ गेला आहे, तुकडा काढायची गरज नाही, पण परत चालू करायचं नाही, सहा महिन्यांनी दाखवायचं. आमचे हे बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून विडी पेटवली, माझ्यासमोर, उघड. त्या दिवशी त्यांना सगळं माफ होतं.

वाडीत पोचलो तर आक्का वही आणि पेन घेऊन ओट्यावर बसलेली. जनी शेजारी. "काड आता रुमाल."

मी रुमाल सोडला. नोटा मोजल्या. एकोणीसशे पन्नास दिले.

"पन्नास कमी हाय," जनी म्हणाली.

"बसभाड्याला गेले," मी म्हटलं. ते खोटं होतं. पन्नासची नोट माझ्या मुठीत होती.

का ठेवली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. फणसाच्या मागं उभ्या असलेल्या आक्कावर चिडणारी मीच. पण डॉक्टर म्हणाले परत चालू करायचं नाही, आणि माझ्या डोक्यात आलं, पन्नास बाकी आहेत तोवर गहाण आहे. पुढच्या बैठकीला मी गेले नाही. त्याच्या पुढच्याला डोकं दुखतं म्हणून सांगितलं. भात कापणीला आला, कापून झाला, मळून झाला. आक्का वाटेत दिसली की आता मीच आडवाटेनं जायची. यांनी एकदा पन्नासची नोट पुढं केली, "घे, देऊन टाक, लोक काय म्हणतील." मी ती पण डब्यात ठेवली. आता माझ्याकडं बाकी फेडायला दोन नोटा होत्या.

शिमग्याच्या आधी संघाची वही बंद करायची असते. एका दुपारी आक्का एकटी आली. ओट्यावर बसली, पाय लांब केले. ऊन कडक होतं, अंगणात भात वाळत होता.

"पन्नास दे."

मी अंगणातला भात पायानं उलथायला लागले.

"हायत तुज्याकडं. बसभाडं तुज्या दादल्यानं दिलं हुतं, मला ठावं हाय. चार महिनं मी काय बोललो न्हाई."

मग मी बोलले. म्हटलं, "दिले तर अट सुटते आक्का. मग मला कोण धरणार?"

आक्काच्या गालात बार होता, तो तिनं उठून अंगणाच्या कडेला थुंकला, चूळ भरली आणि परत येऊन बसली.

"पन्नास रुपयांत तोंड बांदून ठेवलीस व्हय?" ती म्हणाली. "लईच स्वस्त झालं की गे. आता फुकट बांद."

मला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी पण आलं, ते मी पदरानं पुसलं. आत जाऊन डब्यातून नोट आणली. तिनं उजेडाकडं धरून बघितली, सवयीनं कानाजवळ नेऊन चुरगाळली, आणि चंचीत न ठेवता वहीत ठेवली. मी चहा टाकला. चहा होईपर्यंत तिचा हात दोनदा कमरेला गेला आणि दोन्ही वेळा रिकामाच मांडीवर आला. मग तिनं माझ्या नावाचं पान उघडलं, गहाण तोंड यावर रेघ मारली, खाली लिहिलं, बाकी काही नाही, आणि पेन माझ्याकडं दिलं. मी सही केली. ओळ थोडी खाली गेली, पण नाव पुरं आलं. दोन हजार रुपये फिटले.